जुळ्यांतील उरलेले बाळ : जन्मानंतरची जबाबदारी
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील प्रशासकांचे भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. आज जे मांडणार आहे, ते आपल्या स्त्रीरोग व बालरोग विभागांतील डॉक्टरांकडून समजून घेतलेले आहे.

जुळ्यांपैकी एक बाळ गर्भातच दगावले, तर दुसरे जन्मून रडू लागताच घरच्यांना हायसे वाटते. ते स्वाभाविकच आहे. तथापि, काही बाळांच्या बाबतीत खरी काळजी तेथून पुढे सुरू होते.

अगदी पहिल्या आठवड्यांत एक गर्भ विरून गेला, तर उरलेल्यास बहुधा बाधा पोहोचत नाही. चौथ्या महिन्यानंतर एक बाळ दगावले, तर दोघांची वार स्वतंत्र होती की सामाईक, हा प्रश्न निर्णायक ठरतो. सामाईक वारेत दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या एकमेकींस जोडलेल्या असतात. एकाचे हृदय थांबताच त्याच्या शरीरातील रक्तदाब नाहीसा होतो आणि जिवंत बाळाचे रक्त तिकडे वाहू लागते. त्याचा रक्तदाब उतरतो, अंगातील रक्त कमी होते, मेंदूला प्राणवायू अपुरा पडतो.

अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार दुसरे बाळही दगावण्याचे प्रमाण सामाईक वारेत १५ टक्के, तर स्वतंत्र वारेत ३ टक्के होते. वाचलेल्या बाळांच्या मेंदूच्या विकासात दोष राहण्याचे प्रमाण अनुक्रमे २६ व २ टक्के होते. म्हणजेच सामाईक वारेतील वाचलेल्या बाळांपैकी सुमारे तीनचतुर्थांश बाळांत असा दोष आढळला नाही. भीती बाळगण्याचे कारण नाही. गाफील राहण्याचेही नाही.

नातेवाईक विचारतात, "दुसऱ्याला लगेच बाहेर का काढत नाही?" इजा व्हायची असेल तर ती बहुधा पहिले बाळ दगावते त्याच सुमारास होऊन जाते. घाईने प्रसूती केल्यास तिच्यात अपुऱ्या दिवसांच्या जन्माचे धोके मात्र मिळतात. म्हणून डॉक्टर शक्य तेथे वाट पाहतात, डॉपलर तपासणीने बाळाच्या रक्तक्षयाचा अंदाज घेतात आणि चार ते सहा आठवड्यांनी गर्भातील बाळाच्या मेंदूचे एमआरआय सुचवतात. मृत गर्भाचे विष आईच्या अंगात पसरते, ही समजूत निराधार आहे. आईला गुंतागुंत क्वचितच होते व तिच्यावर लक्ष ठेवले जाते.

आता माझ्या कामाशी संबंधित भाग, अर्थात नोंदी. वार एक की दोन, हे ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत सर्वांत स्पष्ट दिसते. पुढे ते ओळखणे कठीण होत जाते. म्हणून जुळ्यांच्या त्या अहवालात वारेचा उल्लेख आहे की नाही, हे कुटुंबीयांनी अवश्य विचारावे आणि तो कागद जपून ठेवावा.

दुसरी नोंद बाळ घरी जाताना व्हावयास हवी. पुढे मूल वेळेवर बसत नाही, एक हात कमी वापरतो, आकडी येते, म्हणून त्यास नव्या डॉक्टरांकडे नेले जाते. तेव्हा त्याचे जुळे भावंड गर्भात दगावले होते, हे सांगायचे राहून जाते. घरात तो विषय कोणी काढीत नसतो. त्यामुळे सेरेब्रल पाल्सीसारख्या विकाराचे निदान लांबते आणि व्यायामोपचारांचा मोलाचा काळ निघून जातो. यास्तव अशा प्रत्येक बाळाच्या डिस्चार्ज कार्डावर ही माहिती ठळक लिहिली जावी आणि किमान दोन वर्षे त्याची वाढ, हालचाली, दृष्टी व श्रवण तपासले जावे, असा माझा प्रस्ताव आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. गरजू बालकांना तेथेही पाठवता येईल.

देणगीदारांना एक विनंती. इमारत डोळ्यांना दिसते, यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते. पाठपुराव्याचा खर्च मात्र असा दिसत नाही. तो म्हणजे एका मातेचे एसटीचे भाडे, बुडालेली रोजंदारी आणि फिजिओथेरपिस्टचा अर्धा तास. तेवढ्यासाठी एखादे मूल तपासणीविना राहू नये, म्हणून या कामी स्वतंत्र निधी असावा, अशी विश्वस्त मंडळास नम्र विनंती करतो.

एक बाळ गमावलेल्या मातेस दुसऱ्याच्या काळजीत एकटे पडू न देणे, हे धर्मादाय रुग्णालयाचे कर्तव्य आहे.