मागच्या बाकावरचे वादक



सिंफनी म्हटले की आपला माणूस म्हणतो, "ते साहेबलोकांचं, आपल्याला काय त्याचं?" इकडे वाडीला काय किंवा नागपुरात काय, मी हे पुष्कळदा ऐकतो. पण ज्याने सिनेमाची जुनी गाणी ऐकली, त्याच्या कानांवरून ही विद्या केव्हाच गेलेली आहे.

आपल्या भजनात बुवा ओळ सांगतात आणि सगळी मंडळी तीच चाल धरतात. सिंफनीत तसे नाही. व्हायोलिनची चाल एक, बासरीची दुसरी, कर्ण्यांची तिसरी. तरी सर्वांचे मिळून बोलणे एकच. हे साधते कागदामुळे. कोणी केव्हा वाजवायचे, इतकेच नव्हे, केव्हा गप्प बसायचे, तेही लिहिलेले असते. नगारेवाला तर कितीतरी वेळ नुसता मात्रा मोजत बसतो. मला त्याचेच कौतुक अधिक!

हा कागद वाचणारे पुष्कळ वादक मुंबईला मिळाले ते गोव्याहून. तिथे चर्चच्या शाळांतून मुलांना अक्षरांबरोबर स्वरलिपी शिकवीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, जन्म 1927 चा, त्यांपैकीच. मुंबईत ते सिनेमाच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवीत, वादकांसाठी स्वरलेखन करीत. पडद्यावर नाव यायचे ते संगीतदिग्दर्शकाचे.

या गृहस्थांना आपल्या रागांची ओढ लागली. 1958 साली त्यांनी स्वतःचा सिंफनी वाद्यवृंद उभारला. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात शंभरावर वादक बसले, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. वाजले काय, तर रागांवर बेतलेल्या रचना.

ऐकायला हे सोपे वाटते. पण बघा, पाश्चात्त्य संगीतात एका वेळी तीन-चार स्वर मिळून वाजतात. सा-ग-प हा तर तिकडचा हुकमी मेळ. आता वृंदावनी सारंग घ्या. त्यात गंधारच वर्ज्य! मेळ राखावा तर राग जातो, राग राखावा तर मेळ लंगडा होतो. असल्या पेचात माणूस हौसेने शिरला, ही गोष्ट मला मोठी वाटते.

तो प्रयत्न फार दिवस टिकला नाही. 1965 साली गोन्साल्विस अमेरिकेला गेले, पुढे सिनेमाला दुरावले, आणि 2012 साली गोव्यात वारले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी लक्ष्मीकांतांबरोबर 1977 च्या एका चित्रपटातील गाण्यात गुरूचे नाव गुंफले. ते गाणे पोराबाळांच्या तोंडी बसले. त्या नावाचा कोणी खरा माणूस होता, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक!

शिक्षकबंधुभगिनींनी एक करून पाहावे. वर्गाचे दोन भाग करा. एकाने सा धरून ठेवावा, दुसऱ्याने सावकाश सप्तक चढावे. पेटी नसली तरी चालेल. पहिल्या दिवशी सा धरणारी पोरे हटकून चढणाऱ्यांच्या मागे धावतील. रागावू नका. चार दिवस जाऊ द्या, आणि मग ऐका.