पंपाचा गळणारा थेंब

श्रीरामपूरच्या परिसरांत पंप हें यंत्र कोणास अपरिचित आहे असें नाहीं. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें, प्रवरेच्या कालव्यांनीं या मुलुखांत पाणी आणलें, आणि बेलापूर स्टेशनाभोंवतीं वसत गेलेलें हें गांव उसाची व साखरेची पेठ झालें. परंतु कालव्याचें पाणी पाळीनें मिळावयाचें. मधल्या दिवसांत भरंवसा विहिरीचा. म्हणून मोटेच्या जागीं ऑइल इंजिन आलें, त्याच्या मागोमाग विजेची मोटर आली, आणि पंप हा शेतकऱ्याच्या कुटुंबांतलाच एक होऊन बसला. तो केव्हां रुसतो, केव्हां हवा धरतो, त्याचा ग्लँड किती आवळावा, हें ज्ञान येथें पुस्तकावांचून बापाकडून मुलाकडे जात आलें आहे.

अलीकडे त्याच मुलुखांतील पुष्कळ घरांत दुसरा एक पंप आला आहे. मात्र तो सहसा दृष्टीस पडत नाहीं. तो मोटारसायकलच्या इंजिनाच्या कुशींत असतो आणि मुठीएवढाहि नसतो. जुन्या मोटारसायकलींचें इंजिन वाऱ्यानें थंड होई, व आजहि बहुतेक साध्या गाड्यांचें तसेंच होतें. सिलिंडरवर दिसणाऱ्या धातूच्या पातळ कडा त्यासाठींच असतात. परंतु लहान इंजिनाकडून अधिक जोर मागितला म्हणजे उष्णताहि अधिक निघते आणि एकटा वारा पुरत नाहीं. मग सिलिंडरच्या भोंवतीं पोकळ जागा ठेवून तींतून पाणी खेळवितात, तें रेडिएटरच्या नळ्यांत निववितात व पुन्हां इंजिनाकडे धाडतात. ही येरझार घडवून आणतो तो हा चिमुकला पंप. पुण्याजवळील चाकण येथें तयार होणाऱ्या ड्यूक २०० आणि पल्सर २०० एनएस या गाड्या २०१२ सालीं बाजारांत आल्या, आणि पाण्यानें निवणारीं असलीं इंजिनें महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतहि अधिकाधिक दिसूं लागलीं.

आतां एका घराची कल्पना करावी. नातू पहाटे दुधाचे कॅन डेअरींत पोंचवितो व तेथून तसाच औद्योगिक वसाहतींत कामावर जातो. गाडी हप्त्यावर घेतलेली. तिचे कांहीं हप्ते अद्याप फिटावयाचे आहेत. एके दिवशीं गाडी उभी केलेल्या जागीं, इंजिनाच्या खालीं, फरशीवर हिरवट थेंब दिसतात. नातू अंगणांत बसलेल्या वृद्धास सांगतो, “आजोबा, गाडी गळायला लागली. खालच्या अंगास एक बारीक भोंक आहे, तेथून थेंब येतो. एक जण म्हणाला, त्यांत लांबी भर, लगेच बंद होईल.”

आजोबांनीं विहिरीवरच्या पंपापाशीं जन्म काढलेला. ते म्हणतात, “बाळ, भोंक बुजवूं नकोस. पण एवढा घाबराहि होऊं नकोस. आपल्या पंपाचा ग्लँड मी सदा थोडा गळताच ठेवीत असें. थेंब बंद केला कीं शाफ्ट तापलाच म्हणून समज.”

या दोघांच्याहि बोलण्यांत अर्धें सत्य आहे, आणि अर्ध्या सत्यानें इंजिनें बिघडतात. म्हणून तें उकलून पाहणें अवश्य आहे.

विहिरीवरील पंपाचा शाफ्ट जेथें पंपाच्या पोटांत शिरतो, तेथें ग्रॅफाइट लावलेल्या दोरीचीं वेटोळीं ठासलेलीं असतात व ग्लँडचे नट आवळून तीं दाबून धरतात. फिरता शाफ्ट दोरीवर घासतो. त्या घासण्याची उष्णता वाहून नेण्यासाठीं व दोरी ओली राहण्यासाठीं थेंब थेंब पाणी बाहेर पडूं द्यावें लागतें. नट फार आवळले तर दोरी कोरडी पडते, जळते, आणि शाफ्टवर चर पडतो. तेथील थेंब आरोग्याचें लक्षण होय. आजोबांचा अनुभव खरा आहे. परंतु तो त्या पंपापुरता.

मोटारसायकलच्या पंपांत दोरी नसते. तेथें बहुधा दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर टेकलेल्या असतात. एक कार्बनची व दुसरी सिरॅमिकसारख्या कठीण पदार्थाची. एक स्थिर असते, दुसरी शाफ्टबरोबर फिरते, आणि मागची स्प्रिंग त्यांना विलग होऊं देत नाहीं. त्यांच्यामध्यें पाण्याचा अतिशय सूक्ष्म पापुद्रा राहतो. तोच वंगणाचें काम करतो, पण थेंब होऊन बाहेर येत नाहीं. कांहीं गाड्यांत चकत्यांऐवजीं रबरी ओठाचें सील असतें. शाफ्टचें दुसरें टोंक इंजिनाच्या तेलाकडे जातें. म्हणून त्या बाजूस निराळें ऑइल सील बसवितात. एकाच शाफ्टवर एका अंगास पाणी व दुसऱ्या अंगास तेल, अशी ही शेजारधर्माची अवघड रचना आहे. दोहोंच्या मध्यें थोडी मोकळी जागा ठेवलेली असते, आणि तेथून खालीं उघडणारें जें बारीक भोंक, तेंच नातवाच्या दृष्टीस पडलेलें भोंक होय.

हें भोंक चुकीनें राहिलेलें नाहीं. तें कारखान्यानें बुद्धिपुरस्सर ठेविलेलें असतें. सील झिजलें तर पाणी तेलांत न जातां बाहेर पडावें आणि मालकास वेळीं कळावें, एवढाच त्याचा हेतु. हिरवें अथवा रंगीत पाणी पडलें तर पाण्याकडील सील गेलें. काळें तेल पडलें तर तेलाकडील. दोन्ही पडलीं तर दोन्ही. तेथें लांबी भरणें म्हणजे निरोप आणणाऱ्या माणसास दारांतच अडविण्यासारखें आहे. बाहेरची वाट बंद झालेलें पाणी आंतली वाट शोधतें. तें तेलांत मिसळलें म्हणजे तेल दुधाळ चहासारखें दिसूं लागतें, त्याचें वंगणपण नाहींसें होतें, आणि क्रँकचीं बेअरिंगें, पिस्टन, क्लच या सर्वांस इजा पोंचते. जें काम एका लहानशा सीलनें भागलें असतें, त्याच्या जागीं सारें इंजिन उलगडावें लागतें. लांबीचें काम उसाच्या वाटेवरची काळी मातीहि करते. पावसाळ्यांत ती इंजिनाच्या खालीं थापून वाळते व भोंक बुजवून टाकते. गाडी धुतांना तेथें मऊ ब्रश फिरवावा तो यासाठींच.

सील अकालीं जाण्याचीं कारणें ठाऊक असलेलीं बरीं. पहिलें कारण विहिरीचें पाणी. रेडिएटरमध्यें कूलंट कमी झालें कीं जवळच्या हंड्यांतलें पाणी ओतण्याची संवय असते. त्या पाण्यांतील क्षार गरम जागीं धरतात, त्यांचे कण चकत्यांच्या मध्यें जाऊन ओरखडे काढतात. शिवाय गंजास आळा घालणारीं द्रव्यें साध्या पाण्यांत नसतात. दुसरें कारण कोरडें चालणें. पाणी संपलेलें असतां इंजिन चालविलें तर चकत्यांमधील पापुद्रा नाहींसा होऊन त्या करपतात. तिसरें कारण शाफ्टच्या बेअरिंगाची ढिलाई. शाफ्ट डगमगूं लागला तर उत्तम सीलहि टिकत नाहीं.

दुरुस्तीपूर्वीं निदान हवें. प्रत्येक थेंब सीलचाच असतो असें नाहीं. इंजिन पूर्ण थंड असतां तो भाग धुवून कोरडा करावा, खालीं स्वच्छ पांढरा कागद पसरावा, आणि पाण्याच्या नळीची पट्टी, पंपाच्या कव्हरची कड, पाणी काढण्याचा बोल्ट व तें भोंक, यांपैकीं ओल कोठून येते तें पाहावें. पट्टी ढिली असेल तर पान्याच्या एका फेऱ्यानें काम होतें. रेडिएटरचें झांकण मात्र गरम असतां कधींहि उघडूं नये. आंतील द्रव दाबाखालीं असतो व त्यामुळें १०० अंशांच्या वर तापूनहि उकळत नाहीं. झांकण फिरवितांच तो उसळून तोंडावर येतो.

भोंकच गळत आहे असें ठरलें म्हणजे काम पुढें चालतें. कूलंट व इंजिनाचें तेल निराळ्या भांड्यांत काढावें. पंपाचें कव्हर उघडतांना बोल्ट लहानमोठे असतात हें ध्यानांत ठेवून पुठ्ठ्यावर कव्हराची आकृति काढावी व ज्याच्या त्याच्या जागीं बोल्ट खोंचून ठेवावा. पंख्याचें मळसूत्र उलटें आहे कीं सुलटें, तें गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेंत पाहूनच पाना लावावा. शाफ्ट बाहेर आला म्हणजे सील बसतें त्या जागेवरून नख फिरवावें. नख अडकलें तर तेथें चर पडला आहे असें समजावें. पुष्कळ दुरुस्त्या येथें फसतात. सील नवें घातलें पण चर पडलेला शाफ्ट तसाच ठेवला, तर थोड्याच दिवसांत थेंब पुन्हां हजर होतो आणि दोष नव्या सीलच्या माथीं मारला जातो. बेअरिंग बोटांनीं फिरवून पाहावें. खरखर वा डगमग असेल तर तेंहि बदलावें.

नवें सील हातोडीनें ठोकूं नये. त्याच्या बाहेरच्या कडेएवढ्या तोंडाचा सॉकेट घेऊन, तिरकें न होऊं देतां, हळू दाबीत बसवावें. ऑइल सीलच्या ओठांतील स्प्रिंग तेलाच्या बाजूस यावी व ओठास किंचित् ग्रीस असावें. कार्बनच्या चकतीस मात्र बोट अथवा ग्रीस लागूं देऊं नये. कव्हरची रबरी रिंग व पॅकिंग नवीं घालावीं. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळावे. अॅल्युमिनियमचे आटे नाजूक असतात, आणि पाटाच्या दारावर दाखवावयाचा जोर येथें दाखविला तर ते निघून येतात.

मग इंजिनांत नवें तेल आणि रेडिएटरमध्यें तयार कूलंट, अथवा पुस्तिकेंत सांगितलेल्या प्रमाणांत शुद्ध पाण्यांत मिसळलेलें कूलंट भरावें. नळ्या हातानें दाबून अडकलेली हवा काढावी, पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालवावें, तें निवल्यावर पातळी पुन्हां पाहावी. तेल आधींच दुधाळ झालें असेल तर एकदां बदलून भागत नाहीं. थोडें चालवून फिल्टरसह पुन्हां बदलावें.

एक गोष्ट घरांतील सर्वांस सांगून ठेवावी. कूलंटमध्यें बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतें. तें चवीला गोडसर पण विषारी आहे. भांड्यांत काढून ठेवलेलें कूलंट मुलांच्या, कुत्र्याच्या वा गाईम्हशींच्या वाटेंत राहूं देऊं नये, आणि पाटांत किंवा विहिरीजवळ तर मुळींच ओतूं नये. झांकणाच्या डब्यांत भरून तें गॅरेजवाल्याच्या स्वाधीन करावें.

त्या घरांत पुढें काय झालें असेल? नातू मिस्त्रीकडे गेला असेल; शाफ्टवर चर निघाला, म्हणून शाफ्ट व दोन्ही सीलें बदललीं असतील; आणि एक दिवस दूध सायकलवरून गेलें असेल. संध्याकाळीं आजोबांनीं तो जुना शाफ्ट हातांत घेऊन चरावरून नख फिरविलें असेल आणि ते म्हणाले असतील, “ग्लँड जास्त आवळला म्हणजे आपल्या शाफ्टचें असेंच होत असे.” हें त्यांचें म्हणणें अचूक आहे. यंत्र बदललें तरी घासण्याचा धर्म बदलत नाहीं. बदलतो तो थेंबाचा अर्थ. विहिरीवर तो असावा, गाडीखालीं तो नसावा. आणि गाडीखालीं दिसलाच, तर भोंक मोकळें ठेवून त्याच आठवड्यांत पाना हातीं घ्यावा.