क्लचमधली हवा

(हैदराबाद येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून मराठी माणूस उन्हाळ्यात व्याख्यानं ऐकत आला आहे. आजचं व्याख्यान मात्र ट्रकदुरुस्तीच्या ऑटोनगरच्या वाटेने जाणार. विषय आहे ट्रकच्या हायड्रॉलिक क्लचमधली हवा काढण्याचा. पहिल्या रांगेतल्या काही चेहऱ्यांवर शंका दिसते आहे. पण सोलापूर, उमरगा, झहीराबाद करत जो कांदा मलकपेटच्या बाजारात येतो, तो वाटेत शेकडो वेळा गिअर नीट पडतो म्हणूनच येतो.

जून १९३२मध्ये निजाम स्टेट रेल्वेने २७ बस आणि १६६ माणसं घेऊन या संस्थानात रस्ता वाहतूक सुरू केली. तेव्हाच्या गाड्यांचा क्लच दांड्या आणि सळ्यांनी ओढला जाई. सगळं डोळ्यांना दिसे. ढिलं पडलं तर नट आवळायचा. पुढे ट्रकची केबिन इंजिनावर चढली, मग ती पुढे कलती झाली. ऐंशीच्या दशकात जपानी सहकार्याने जे हलके ट्रक आले, त्यांतला ऑल्विन निसान तर आपल्या झहीराबादचा. कलत्या केबिनमधून दांड्या खाली नेणं म्हणजे कटकट. नळी मात्र हवी तशी वळते. क्लचमध्ये तेल शिरलं त्यामागे ही सोय आहे.

पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या तेल ढकलतो, ते नळीतून स्लेव्ह सिलिंडरपर्यंत जातं, तिथला दट्ट्या फोर्क रेटतो आणि क्लच प्लेट सुटते. सतराव्या शतकातल्या पास्कलने सांगितलेल्या नियमावर हे चालतं: कोंडलेल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो. द्रव मुळात फारसा आक्रसत नाही. वातावरणाच्या शंभरपट दाबाखालीही पाणी अर्ध्या टक्क्याच्या आसपासच कमी होतं.

हवेचं तसं नाही. समजा, मास्टर सिलिंडरचा व्यास १९ मिलिमीटर आणि दट्ट्याची चाल ३० मिलिमीटर आहे. एका दाबात साधारण साडेआठ घनसेंटिमीटर तेल पुढे सरकतं. नळीत ३ घनसेंटिमीटर हवा अडकली असेल आणि दाब दहापट झाला, तर बॉईलच्या नियमाने ती ०.३ उरते. म्हणजे पायाने ढकललेल्या तेलातलं २.७ घनसेंटिमीटर नुसतं हवा दाबण्यात गेलं. जवळजवळ एक तृतीयांश! प्लेट अर्धवट सुटते, गिअर टाकताना कर्रकन आवाज येतो, आणि ड्रायव्हर म्हणतो, "गाडीने एअर पकडली."

ड्रायव्हरचं पहिलं निदान बहुधा बरोबर असतं. पेडल चार-पाच वेळा भराभर मारलं की गिअर पडतो, याचा अर्थ हवा आहे. पेडल दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली बसत जातं, याचा अर्थ बहुधा सील गेलं आहे. या दोन दुखण्यांची गल्लत करून किती डबे तेल नाल्यात गेलं असेल, देव जाणे.

मोठ्या ट्रकांत आणखी एक गंमत आहे. चारशे मिलिमीटरच्या आसपासची प्लेट पायाच्या जोरावर दिवसभर सोडवणं माणसाच्या गुडघ्याला झेपत नाही. म्हणून तिथे क्लच बूस्टर असतो. तेल फक्त त्यातला व्हॉल्व्ह उघडतं. खरा जोर लावते ती ब्रेकच्या टाकीतली दाबलेली हवा. म्हणजे एकाच यंत्रात दोन हवा. एक कामाला ठेवलेली, दुसरी घुसखोर. टाकीतली हवा कमी पडली तर पेडल जड होतं. तेलात हवा शिरली तर ते पोकळ लागतं. क्वचित बूस्टरच्या आतलं सील फाटतं आणि कामावरचीच हवा तेलात घुसते. तेव्हा मास्टर सिलिंडरच्या वरच्या तेलाच्या डबीत बुडबुडे उठतात, आणि अशी गाडी तुम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत ब्लीड करा, हवा संपतच नाही.

आता प्रत्यक्ष काम. चाकाखाली दगड लावायचे, केबिन कलती केली असेल तर तिचा लॉक बसल्याची खात्री करायची. डबी भरायची. स्लेव्हवरचा हवा काढायचा निपल पुसून घ्यायचा, त्याला पारदर्शक नळी लावायची आणि नळीचं दुसरं टोक तेल असलेल्या बाटलीत बुडवायचं. एक माणूस वर पेडलवर, दुसरा खाली पाना घेऊन. ऑटोनगरात ड्रायव्हर उमरग्याचा असो, क्लीनर नलगोंड्याचा असो, हे काम दखनीतच चालतं. खालून उस्ताद ओरडतो, "दबा!" वरून उत्तर येतं, "दबाया!" उस्ताद निपल अर्धा आटा उघडतो, तेलाबरोबर बुडबुडे येतात, तो निपल बंद करतो आणि मगच म्हणतो, "छोड!"

सगळी विद्या त्या "मगच" मध्ये आहे. निपल उघडा असताना पाय उचलला तर परतणारा दट्ट्या हवा आत ओढतो. नळी बाटलीत बुडलेली असली तरी हवा निपलच्या आट्यांतून शिरते. केलेलं काम उलटं होतं. डबीतलं तेल तळाला गेलं तरी तेच. म्हणून पेडलवर बसवायचा पोरगा चपळ नको, ऐकणारा हवा.

एवढं करूनही कधी कधी एक बुडबुडा हटत नाही. हवेचा स्वभाव वर जायचा, आणि आपण पेडलने तिला खाली रेटतो. नळीला कुठे उंचवटा असेल तर ती तिथे ठाण मांडते. अशा वेळी जाणते मेकॅनिक काम उलटं करतात: मोठ्या सिरिंजने निपलमधून तेल हळूहळू वर चढवतात, आणि हवा स्वतःच्या मर्जीने डबीतून बाहेर पडते. वर एकाने डबी सांडत नाही ना, एवढं बघायचं. क्लचमधलं हे तेल म्हणजे ब्रेक ऑइलच; ते रंगावर पडलं की रंग उठतो. बाटलीत निघालेलं तेल मात्र परत ओतायचं नाही, ते कितीही स्वच्छ दिसो. हे तेल बाहेरची दमट हवा शोषून घेतं. डॉट ३ जातीचं नवं तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही; पाणी प्यायलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १४० वर येते. पावसाळ्यात झाकण उघडं ठेवलेला डबा म्हणूनच महाग पडतो. आणि तेल संपलं म्हणून इंजिन ऑइल ओतणाऱ्याला तर मी गाडीजवळ फिरकू देणार नाही. त्याने रबरी सील फुगतात आणि पुढचा खर्च दसपट होतो.

माझी तक्रार आहे ती "एअर काढून दिली" एवढं बोलून पैसे घेण्याबद्दल. हवा आपोआप येत नाही. नळी सोडली होती का, डबी रिकामी झाली होती का, की मास्टरचं सील झिजलं? पहिल्या दोन कारणांत हवा काढली की प्रकरण मिटलं. तिसऱ्यात काही दिवसांची उसनवारी झाली. म्हणून हवा काढल्यावर पेडलजवळचा रबरी बूट मागे सारून बोट फिरवावं, स्लेव्हच्या बुटातही बघावं. बोट ओलं झालं तर मालकाला तिथेच सांगावं की सीलचा किट आणा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना, पहिल्याच दाबात गिअर पडतो का ते ड्रायव्हरने पाहावं. पेडल दोनदा मारावं लागलं, तर माल भरायच्या आधी गाडी परत आणावी.