गॅलरीतली खताची बादली

घरातल्या कचऱ्यात वजनाने सर्वांत जास्त काय असतं? प्लास्टिक नव्हे, भाजीची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा. हा ओला कचरा कोरड्यात मिसळला की रद्दीही वाया जाते. शिवाय डेपोच्या ढिगाखाली हवेविना कुजताना त्यातून मिथेन वायू निघतो.

म्हणून या ओल्या कचऱ्याचं घरीच खत करा. त्यासाठी महागडी यंत्रं विकणारे भेटतील; मला विचाराल तर जुनी बादलीच बरी. तिला बुडाशी आणि बाजूंनी भोकं पाडा, तळाला नारळाच्या शेंड्या पसरा. रोजचा ओला कचरा बारीक चिरून टाका, वर तेवढाच वाळका पाला. सुरुवातीला थोडं आंबट ताक शिंपडा. दोन-चार दिवसांनी काठीने खालीवर करा. वास आला तर समजा, पाणी जास्त आणि हवा कमी. आणखी पाला घाला. हाडं, तेलकट उरलंसुरलं मात्र नकोच. दोन-तीन महिन्यांत काळसर, मातीच्या वासाचं खत होतं.

राहिला कोरडा कचरा. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली. तिचे सभासद दारोदार कचरा गोळा करतात आणि त्यातलं भंगार विकून कमाईत भर घालतात. म्हणून दुधाची पिशवी विसळून, वाळवून द्या. कापताना कोपरा पूर्ण तोडू नका. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे कचरा वेगळा करणाऱ्या बाईंना पुडी उघडावी लागत नाही.