गाडी जुनी ठेवावी, की नवा हप्ता घ्यावा?

मैत्रिणींनो, आम्ही जुन्नर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बायका. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या. जवळ वही-पेन असेल तर आणखी बरं, कारण आज थोडा हिशेब करायचाय.

आमच्या गटात चार घरं अशी आहेत की ज्यांची चूल गाडीवर पेटते. गाडी म्हणजे मालाची गाडी, चारशे सात. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोची कॅरेटं भरायची, ओतूरचा कांदा भरायचा, आळेफाट्यावरून माळशेज घाट उतरून कल्याण आणि पुढं वाशीचं मार्केट गाठायचं. रात्री निघायचं, पहाटे माल उतरवायचा, दुपारपर्यंत परत यायचं. चारशे सात हे मॉडेल १९८६ साली रस्त्यावर आलं. आमच्याकडच्या गाड्या तेवढ्या जुन्या नाहीत, पण चौदा-पंधरा वर्षांच्या झाल्यात. आणि चालवणारे आमचे मालक पंचावन्नच्या पुढं गेलेत.

सरकारी नोकर अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. हार-तुरे होतात, पेढे वाटतात. गाडीवाल्याला कुणी निवृत्त करत नाही. एक दिवस गुडघा क्लच दाबू देत नाही, नाहीतर रात्री समोरच्या लायटीनं डोळे दिपायला लागतात, तेव्हा तो निवृत्त झालेला असतो. म्हणून अशा घरात एक प्रश्न हमखास येतो. शेवटची पाच-सात वर्षं राहिलीत, तर ही जुनी गाडी ढकलत न्यावी की एकदाच नवी घेऊन सुखानं चालवावी? शोरूमवाला म्हणतो घ्या. गॅरेजवाला म्हणतो अजून दहा वर्षं पळेल. दोघांचंही पोट आपल्या निर्णयावर आहे, तेव्हा हिशेब आपणच केलेला बरा.

आधी जुन्या गाडीचा खर्च लिहू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. वर्षाला टायरचे ३५,००० धरू. ब्रेक, पाटे, क्लचप्लेट यांचे ३०,०००. बॅटरी आणि किरकोळ कामाचे १५,०००. इंजिनाचं मोठं काम चार वर्षांतून एकदा निघतं, ते ८०,००० चं धरलं तर वर्षाचा वाटा २०,०००. झाले १ लाख. बहुतेक घरं इथंच थांबतात आणि म्हणतात, बघा, जुनी किती स्वस्त!

पण आणखी दोन रकाने आहेत. पहिला खाड्याचा. गाडी गॅरेजला उभी राहते त्या दिवशी भाडं मिळत नाही. वर्षात ४० दिवस खाडा झाला आणि दिवसाला खर्च जाऊन १,५०० सुटत असतील, तर ६०,००० गेले. हे पैसे कुणाच्या हातात दिलेले नसतात, म्हणून ते दिसत नाहीत. दुसरा रकाना डिझेलचा. वर्षाला २४,००० किलोमीटर धावणारी गाडी लिटरला ८ किलोमीटर देत असेल तर ३,००० लिटर लागतं. नवी गाडी १० किलोमीटर देत असेल तर २,४०० लिटर. फरक ६०० लिटरचा. लिटरला ९० रुपये धरले तर ५४,०००. म्हणजे जुनी गाडी वर्षाला २ लाख १४ हजारांना पडली.

आता नवी. १० लाखांचं कर्ज, व्याज ११ टक्के, मुदत पाच वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण २१,७५० बसतो. वर्षाचे २ लाख ६१ हजार. पाच वर्षांत आपण १३ लाखांच्या वर भरतो, त्यात ३ लाख नुसतं व्याज. नव्या गाडीलाही सर्व्हिसिंग, ऑइल लागतंच, त्याचे ३०,००० धरा. तिचा पूर्ण विमा घ्यावा लागतो, तो जुनीपेक्षा २०,००० नं जास्त धरा. एकूण ३ लाख ११ हजार. पण पाच वर्षांनी त्या गाडीला किंमत उरते. ती ४ लाखांना गेली असं समजलं तर वर्षाला ८०,००० परत आले. राहिले २ लाख ३१ हजार.

म्हणजे एकीकडं २ लाख १४ हजार, दुसरीकडं २ लाख ३१ हजार. पारडी जवळजवळ सारखी! आम्ही हे गटाच्या बैठकीत फळ्यावर मांडलं तेव्हा सगळ्याच गप्प झालो. एवढी वर्षं घराघरात भांडण चाललंय जुनी चांगली की नवी चांगली, आणि गाडीपुरतं बघायला गेलं तर फरक महिन्याला दीड हजाराचासुद्धा नाही.

मग निर्णय कशावर करायचा? चालवणाऱ्याच्या वयावर.

जुनीचा खर्च फिरण्यावर आहे. महिनाभर गाडी उभी राहिली तर डिझेल नाही, टायर झिजत नाहीत. नवीचा हप्ता मात्र गाडी फिरो न फिरो, पाच तारखेला दारात उभा. मालक आजारी पडले तरी हप्ता, टोमॅटोचा भाव पडून लोकांनी माल रानात सोडला तरी हप्ता, माळशेजमध्ये दरड कोसळून घाट बंद झाला तरी हप्ता. वरचा हिशेब साठ महिने गाडी धावली तरच जुळतो. समजा सत्तावन्नाव्या वर्षी कर्ज घेतलं आणि साठाव्या वर्षी तब्येतीनं थांबावं लागलं. छत्तीस हप्ते भरून झाले तरी बँकेचे साधारण ४ लाख ६६ हजार बाकी असतात. गाडी घाईनं विकायची, आलेले पैसे बँकेत भरायचे, आणि म्हातारपणाला हातात काय? रिकामी जागा.

उलट बाजूही ऐका. बावन्नाव्या वर्षी घेतली तर सत्तावन्नला हप्ता फिटतो. पुढची तीन-चार वर्षं गाडी बिनहप्त्याची धावते आणि तीच खरी कमाईची वर्षं. म्हणून आमच्या गटानं एक साधा ठोकताळा धरलाय. शेवटचा हप्ता भरल्यावर निदान तीन वर्षं गाडी चालवायची ताकद राहणार असेल तर नवी घ्यावी. तेवढी वर्षं हातात नसतील तर जुनीच नीट सांभाळावी. पंचावन्नच्या पुढं लायसनसुद्धा पाच-पाच वर्षांनीच वाढवून मिळतं आणि त्याला डॉक्टरचा दाखला लागतो. तेव्हा कर्जाच्या आधी डोळे, साखर, रक्तदाब तपासून घ्या. बँक गाडीचे कागद बघते, माणसाचे गुडघे बघत नाही. ते आपण बघायचे.

मुलगा चालवणार असेल तर हिशेब बदलतो. पण ते मुलाच्या तोंडून ऐका. चाकण-रांजणगावला कंपनीत लागायचं मनात असलेल्या पोराच्या नावानं बाप कर्ज काढतो आणि पोरगं भिडेखातर हो म्हणतं. कर्ज मग कुणाचंच राहत नाही आणि सगळ्यांचं होतं. पगारी ड्रायव्हर ठेवायचा असेल तर त्याचा पगार आणि रोजचा भत्ता वरच्या रकान्यात घालून बघा. एका गाडीवर दोन घरं जगणं अवघड जातं.

जुनी सांभाळायची ठरली तर तिच्यावर माया करताना डोळे उघडे ठेवा. आठ वर्षांवरच्या मालगाडीचं पासिंग दरवर्षी करावं लागतं आणि जुन्या गाडीची फी जास्त पडते. ते पैसे दर महिन्याला बाजूला काढा, ऐन वेळी सावकाराकडं जायला नको. रंग उडाला, दार खडखडतं, हौद्याचा पत्रा गेला, तर चालेल. पण ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि चासी यांत काटकसर नाही. चासीला तडा गेला, वेल्डिंगवर वेल्डिंग चढायला लागलं, की त्या दिवशी आपला सगळा हिशेब बंद. कॅरेटं भरलेली गाडी पावसात माळशेज उतरते तेव्हा वाचवलेले दहा हजार कामाला येत नाहीत. आपल्या माणसाबरोबर रस्त्यावरची परकी माणसंही असतात.

मधली वाटही आहे. रात्रीची वाशीची खेप सोडायची आणि दिवसाची जवळची भाडी धरायची. मळ्यातून नारायणगाव, आळेफाटा, मंचर. फेरा कमी झाला की गाडीची झीज कमी, मालकाची झोप पूर्ण. आमच्यातल्या एका घरानं हेच केलंय. पैसे कमी येतात, पण दवाखान्याचं बिलही कमी झालंय, असं ती ताई सांगते. मोठी विकून छोटा हत्ती घेणारेही आहेत. कर्ज छोटं, मुदत छोटी, एवढं बघा.

आता आपल्या बायकांचा मुद्दा. गाडीच्या कर्जावर सहकर्जदार नाहीतर जामीनदार म्हणून बहुतेक वेळा आपली सही असते. फायनान्सवाला घरी येतो, चहा होतो, ‘वहिनी, इथं सही करा’ म्हणतो आणि आपण करतो. कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले तर नोटीस आपल्या नावानंही येते. म्हणून सहीच्या आधी चार गोष्टी विचारा. व्याज किती आणि एकूण भरायचे किती? हप्ता चुकला तर दंड किती? मुदतीआधी फेडलं तर कापतात का? आणि कर्जावर विमा आहे का, म्हणजे मालकाचं बरंवाईट झालं तर उरलेलं कर्ज कोण भरणार? कागद मराठीत मागा. घरी ठेवून घ्या, एक रात्र जाऊ द्या. ज्याला खरंच कर्ज द्यायचंय तो उद्याही येतो.

दुसरं, डाऊनपेमेंटला गटाचं कर्ज काढू नका आणि अंगावरचं सोनं मोडू नका. गटाचा हप्ता आणि गाडीचा हप्ता एकाच चाकावर बसले की चाक थांबल्यावर दोन्ही थांबतात. आणि गटाचा हप्ता थांबला की आपल्याच मैत्रिणींपुढं मान खाली जाते.

कागदाचंही सांगतो. जुनी गाडी विकलीत तर नावावरून उतरवल्याशिवाय चैन पडू देऊ नका. विक्रीचे फॉर्म, २९ आणि ३० नंबरचे, भरून आरटीओत नोंद झाली पाहिजे. नाव आपलंच राहिलं आणि घेणाऱ्याच्या हातून अपघात झाला, तर भरपाई मूळ नावावर येते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानंही तसंच सांगितलंय. गाडी चालण्यापलीकडं गेली असेल तर नोंदणी असलेल्या स्क्रॅप केंद्रातच द्या. तिथं प्रमाणपत्र मिळतं आणि नवी गाडी घेताना त्यावर सवलत मिळते. कर्ज फिटलं की बँकेकडून ना-हरकत दाखला घेऊन आरसीवरचा बोजा उतरवून घ्या. आणि आरसीवर आता वारसदाराचं नाव लावता येतं, २०२१ पासून तशी सोय आहे. ते नाव लावून घ्यायला आपणच मागं लागायचं.

शेवटी म्हातारपणाचं. गाडी म्हणजे पेन्शन नाही, ती दरवर्षी उतरणारी वस्तू आहे. हप्ता नसलेली जुनी गाडी वापरतोय, तर निम्म्या हप्त्याएवढे तरी पैसे महिन्याला पोस्टात आरडीला टाका. महिन्याला १०,००० टाकले तर पाच वर्षांत मुद्दलच ६ लाख होतं, व्याज वेगळं. साठीनंतर तेच पैसे पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले तर दर तीन महिन्यांनी व्याज हातात येतं. वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा सत्तर वर्षांपर्यंत मिळतो, अपघाती मृत्यूला २ लाख. गाडीवाल्याच्या घरात तो नसणं म्हणजे नवल. अटल पेन्शन योजनेत मात्र चाळिशीच्या आत शिरावं लागतं. मालकांची वेळ गेली असली तरी मुला-सुनांची आहे, त्यांना आजच सांगा.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढं करा. गाडीची एक वेगळी वही घाला. डिझेल, दुरुस्ती आणि खाडा, असे तीन रकाने आखा. तीन महिने लिहा. मग ती वही मधे ठेवून घरात बसा, मालक, मुलगा, सून सगळे. आवाज न चढवता आकडे वाचा. बाकी कुठलीही गोष्ट ऐकून न घेणारा माणूस स्वतःच्या गाडीचे आकडे ऐकतो, हा आमच्या चारही घरांचा अनुभव आहे. चारातल्या तीन घरांनी जुनी ठेवली, एकानं नवी घेतली. चारही घरांत सही करण्याआधी वही उघडली गेली.

तुमच्या गावातल्या गाडीवाल्या घरांपर्यंत हे पोचवा.