टेलिफोनची हजेरी
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



अंधेरी-जोगेश्वरीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत आपल्या समाजातील कित्येक घरांतील कर्ती मुले आखाती देशांत नोकरीस आहेत. मागे राहतात वृद्ध अम्मी-अब्बा आणि घरातील टेलिफोन. तो खरोखर जोडलेला आहे की नाही हे ओळखणे, हे केवळ कारागिराचे काम नव्हे. ते घरच्या माणसांनाही आले पाहिजे.

मुंबईत टेलिफोन आला १८८२ साली. जुन्या पद्धतीत तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजमधील बॅटरीचा वीजप्रवाहही घरी येई. रिसीव्हर उचलून घरघर ऐकू आली, की एक्स्चेंजपर्यंत तार शाबूत आहे असे खुशाल समजावे. भारतात इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली. आज फायबरच्या जोडणीबरोबर मिळणारा घरचा फोन याच जातीचा आहे. त्यातील घरघर आपल्याच घरातला डबा तयार करतो, आणि डब्यावरचा दिवा पुष्कळदा डबा चालू आहे एवढेच सांगतो. पलीकडची खात्री त्यातून होत नाही.

मग ती कशी होते? आपल्या वर्गातील हजेरीपट डोळ्यांसमोर आणा. फोन सुरू होताच कंपनीच्या यंत्राकडे आपले नाव व पत्ता नोंदवतो. यंत्र ती नोंद ठराविक मुदतीपुरती, उदाहरणार्थ एका तासापुरती, ठेवते. पण सकाळी 'हजर' म्हणणारा मुलगा मधल्या सुट्टीनंतर वर्गात असेलच असे नाही! पटावर नाव राहते आणि फोन केव्हाच बंद पडलेला असतो. म्हणून मधून मधून एक छोटा निरोप पाठवून उत्तर मागतात. उत्तर आले नाही तरी लगेच गैरहजेरी मांडत नाहीत. अर्धा सेकंद, एक सेकंद, दोन सेकंद असे अंतर वाढवीत पुन्हा विचारतात आणि सुमारे ३२ सेकंदांनी नाद सोडतात.

या निरोपांचा दुसराही उपयोग आहे. बराच वेळ शांतता राहिली की घरातील राउटर बाहेरून आत येणारी वाट विसरतो. मग आपला फोन बाहेर लागतो, पण बाहेरचा आत येत नाही, आणि घरात कोणाला त्याचा पत्ताही नसतो. मुलगा तिकडे काळजीत, आईबाप इकडे रागात! निरोप ये-जा करीत राहिले, की ती वाट उघडी राहते.

बोलणे चालू असता आवाजाचे तुकडे साधारणपणे सेकंदाला ५० या वेगाने जातात. परंतु माणूस गप्प असता काही फोन ते पाठवीत नाहीत. म्हणून शांतता म्हणजे तुटलेली जोडणी, असा निष्कर्ष घाईने काढू नये.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. उपनगरांत वीज गेली, टेलिफोन विस्कळीत झाले. इंटरनेटचा फोन तर घरची वीज जाताच मुका होतो. म्हणून डबा व राउटर यांना बॅटरीचा आधार द्यावा, आणि ११२ हा मदतीचा नंबर लावण्यासाठी मोबाइल चार्ज करून ठेवावा.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यावर एक काम सोपवतो. आठवड्यातून एकदा, तसेच वीज जाऊन आल्यावर, मोबाइलवरून घरच्या नंबरला फोन करा. घंटा मोबाइलमध्ये ऐकू आली एवढ्यावर थांबू नका. ती घरात वाजली पाहिजे, आणि दोन्ही बाजूंचे बोलणे ऐकू आले पाहिजे. शेजारी एकटे राहणारे वृद्ध असतील, तर त्यांच्या फोनचीही अशी हजेरी घ्या. दिव्यावर विसंबू नका, उत्तर मागा. आपले शिक्षण एवढे तरी शेजाऱ्यांच्या कामी यावे.

खुदा हाफिज.