आपलं तिथं काय काम?

(घरकाम करणाऱ्या महिलांच्या नगरफेरीत सोबत करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'पुण्यातील प्रेक्षणीय स्थळे' असा छापला आहे. ती यादी तुम्हाला कोणत्याही मार्गदर्शिकेत मिळेल, ती वाचून दाखवायला मी उभी नाही. मला बोलायचंय ते ही स्थळं कोण पाहतं आणि तिथं काय दाखवलं जातं, याबद्दल.

तुमच्यातल्या बऱ्याच जणी पुण्यातच वाढल्या. शनिवारवाडा आतून शेवटचा कधी पाहिलात? शाळेच्या सहलीत. त्यानंतर कधी? गावाकडचे पाहुणे आले तेव्हा. आणि तेव्हाही डबे, पाण्याच्या बाटल्या, रडणारी पोरं, सगळं आपल्याच हातात. पाहायला डोळे मोकळे होते कुठं? ही झाली आपली, शिकल्यासवरलेल्यांची गोष्ट. वस्तीतल्या बायकांना विचारलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "वीस वर्षं त्या रस्त्यानं कामाला जाते. आत काय आहे ठाऊक नाही. आपलं तिथं काय काम?" त्यांची कामाची घरं राजा केळकर संग्रहालयापासून दहा मिनिटांच्या अंतरावर आहेत.

नुसता तिकिटाचा प्रश्न असता तर वर्गणी काढून सुटला असता. पण अशा जागी आपण शोभणार नाही, कोणी हटकेल, ही धास्ती तिकिटाहून महाग पडते. आणि ती खोटीही नाही. शहरातल्या एका ठिकाणी आमच्या गटाला पहारेकऱ्यानं तीनदा "चला, पुढं चला" केलं. आमच्या मागून आलेल्या कॅमेरेवाल्या कुटुंबाला एकदाही नाही.

मावशींचा तो प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला, कारण केळकर संग्रहालयात त्यांचंच तर काम मांडून ठेवलंय. दिनकर केळकर हे चष्म्यांच्या व्यवसायातलं घर. 'अज्ञातवासी' या नावानं ते कविता लिहीत. १९२०च्या सुमारास जुन्या वस्तू जमवण्याचा नाद लागला तो १९९० साली मृत्यू येईपर्यंत सुटला नाही. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहाला दिलं आणि १९७५ साली सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत, मांडलेल्या आहेत त्यातल्या सुमारे अडीच हजार. या उद्योगात पत्नी कमलाबाईंची साथ होती. पण संग्रहालयाच्या नावात बाप आहे, मुलगा आहे, आई नाही. हे आपल्याकडे इतकं सवयीचं झालंय, की कोणी सांगितल्याशिवाय खटकतसुद्धा नाही.

केळकरांचं मोठेपण मला वाटतं ते यात, की तलवारी आणि तोफांच्या मागे लोक धावत असताना त्यांनी अडकित्ते, दिवे, वज्र्या, स्वयंपाकघरातली भांडी गोळा केली. ज्या वस्तू घरोघर मोडीत निघत होत्या त्या त्यांनी मोडीच्या तराजूतून उचलल्या. म्हणून तिथं बायांच्या हाताखालच्या वस्तू भिंतीभर दिसतात.

गेल्या वर्षी आम्ही अकरा जणींना घेऊन गेलो. पहिली दहा मिनिटं सगळ्या हात बांधून, कुजबुजत चालल्या होत्या. वज्रीपाशी पोचल्या आणि बांध फुटला. आमच्यातल्या एका शिकलेल्या ताईंना ती शोभेची पितळी मूर्ती वाटली होती. एक आजी म्हणाल्या, "अगं, टाचा घासायची वज्री ती. खालची बाजू बघ की, खरबरीत आहे. वर मोर आहे तो धरायला." मग अडकित्त्यांपुढे तर सभाच भरली. कुठला अडकित्ता हाताला चिमटा घेईल, कुठल्याचा दांडा आखूड म्हणून जोर लागेल, सगळं काचेबाहेरून सांगून झालं. मग आजींनीच विचारलं, "विडा खाणारा बैठकीत बसलेला. सुपारी कातरायला आत कोण बसत होतं?"

जगातल्या कुठल्याही संग्रहालयाची पाटी पाहा. वस्तूचं नाव, धातू किंवा लाकूड, प्रांत, शतक. फार तर घडवणाऱ्याचं किंवा देणगीदाराचं नाव. ती वापरून कोणाच्या हाताला घट्टे पडले, हे पाटीवर नसतं. पूर्वी कोणी टिपूनच ठेवलं नाही, तर आता आणणार कुठून, असं जाणकार म्हणतील. जुन्या वस्तूंबाबत ते खरंही आहे. पण टिपायचं ठरवलं तर टिपता येतं, याचा दाखला याच पुण्यात आहे. हेमा राईरकर आणि गी प्वाटवाँ या दोघांनी १९८०च्या दशकापासून गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करवल्या. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, आणि ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव नोंदवलं. २०१७पासून पारी या ग्रामीण पत्रकारितेच्या उपक्रमानं त्या लोकांपुढं आणायला सुरुवात केली. जातं बंद पडलं, पिठाची गिरणी आली, बरंच झालं, आपल्या आज्यांच्या खांद्यांना विचारा. पण दळणारीचं नाव राहिलं. नुसतं दगडी जातं मांडून 'धान्य दळण्याचे साधन' लिहिलं असतं तर ते राहिलं नसतं.

आता शनिवारवाड्याकडे येऊ, कारण कोणत्याही सहलीत तो चुकत नाही. १७३० साली पाया, १७३२ साली वास्तुशांत, १८२८च्या आगीत आतला वाडा खाक. या वाड्यातल्या दोन बायका पर्यटकाला हमखास ऐकवल्या जातात. एक मस्तानी, का, तर रूप. दुसरी आनंदीबाई, का, तर कपट. 'ध'चा 'मा' आपल्या भाषेत इतका रुजला, की ती आख्यायिका आहे हेच आपण विसरलो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा खून झाला. तलवारी गारद्यांच्या, गादीची हाव रघुनाथरावांची, रामशास्त्र्यांनी दोषी धरलं तेही त्यांनाच. पण लोकांच्या तोंडी उरलं काय? बाईनं एक अक्षर बदललं! 'काका, मला वाचवा' सांगताना मार्गदर्शकाचा आवाज कापरा होतो, मुलं अंगाला चिकटतात आणि मंडळी पुढं सरकतात.

त्या रात्री वाड्यात तिसरीही एक बाई होती. नारायणरावांची पत्नी गंगाबाई. अठरा वर्षांच्या नवऱ्याचा खून झालेला, स्वतः गरोदर. बारभाईंनी तिला पुरंदरावर नेलं आणि तिच्या नावानं कारभार चालवला. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवराव जन्मले. मुलगी झाली असती तर, या धास्तीत त्या पोरीनं ते महिने कसे काढले असतील? सगळं राज्य तिच्या पोटाकडे डोळे लावून बसलेलं. आमच्या बायकांना मी हे सांगितलं तेव्हा कोणी 'अरेरे' म्हणालं नाही. एकजण एवढंच म्हणाली, "माझ्या तिसऱ्या वेळेला असंच होतं." मग थोडा वेळ कोणीच बोललं नाही.

मस्तानीबद्दलही सांगायला हवं. तिच्या कोथरूडच्या वाड्याचे अवशेष केळकरांनी आणून संग्रहालयात मस्तानी महाल उभा केला. शनिवारवाड्याला तिच्या नावाचा दरवाजा आहे. कबर मात्र पाबळला, पुण्यापासून लांब. एका बाईच्या आठवणी तीन ठिकाणी विखुरल्या, आणि त्या जोडून कोणी दाखवत नाही. पान खाल्लं की गळ्यातून लाली दिसे, एवढ्यावरच तिचा इतिहास आटोपतो.

शनिवारवाड्यापासून चालत थोड्याच अंतरावर दगडूशेठ गणपती. दर्शनाच्या रांगेतून समोर पाहिलं की भिडेवाड्याची जागा. १८४८ साली जोतिबा आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली ती इथं. वाडा वर्षानुवर्षं ढासळत राहिला, खटला चालला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर डिसेंबर २०२३मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी तो पाडला गेला. पाहण्यासारखं काही नाही म्हणून ती जागा वगळू नका. तिथं उभं राहून मुक्ता साळवेचं नाव घ्या. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेली ही मातंग समाजातली मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. नंतर गंज पेठेत फुलेवाड्यात जा आणि हौद दाखवा. अस्पृश्य मानलेल्यांसाठी तो १८६८ साली खुला केला. पाण्याच्या रांगेत उभं राहणाऱ्या बाईला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही, आमचा अनुभव तसाच आहे.

आगाखान पॅलेसबद्दल एकच सांगते. कस्तुरबा तिथं गांधीजींची सेवा करायला गेल्या, असा समज घेऊन लोक येतात. ९ ऑगस्ट १९४२ रोजी गांधीजींना अटक झाल्यावर शिवाजी पार्कच्या सभेत त्यांच्या जागी बोलायला निघाल्या म्हणून कस्तुरबांना पकडलं. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी त्या वारल्या तेव्हाही कैदीच होत्या. समाधीपाशी हे आधी सांगा.

कलादालनांविषयी कोणीतरी चिठ्ठी पाठवली आहे, की चित्रप्रदर्शनं अवघड जातील का. अजिबात नाही. बालगंधर्वच्या कलादालनात जा, लाजू नका. गोधडी घरात असली की चिंध्यांची, भिंतीवर टांगली की कला. यावर बायका जे बोलतील ते समीक्षकांनी ऐकण्यासारखं असेल.

आता कामाचं. एका दिवसात दोनच ठिकाणं घ्या. चालण्याआधी स्वच्छतागृह कुठं आहे ते स्वतः जाऊन पाहून या, नुसतं विचारू नका. तुम्ही कमी बोला. प्रत्येक बाईनं एक वस्तू निवडायची आणि तिच्यासाठी नवी पाटी सांगायची: ही कोण वापरत होतं, दिवसातून किती वेळ, काय दुखत होतं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं तुम्ही उतरवून घ्या, त्यांच्याच शब्दांत, आणि खाली सांगणारीचं नाव घाला, तिनं होकार दिला तर. या पाट्या जमल्या की त्यांचं छोटं प्रदर्शन वस्तीतल्या बालवाडीत लावू.

पहिली फेरी येत्या रविवारी दुपारी तीनला, सकाळची कामं आटोपल्यावर. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांनी ती घेऊनच यावं. मुलं सांभाळायला आपल्यातले दोन पुरुष कार्यकर्ते येणार आहेत. त्यांची नावं फळ्यावर लिहिली आहेत, पुसू नयेत.